पाठमोरी मोजणी

सोमवारी सकाळी साडेदहाला टँकर यार्डाच्या फाटकाशी आला आणि तिथंच अडकला.

अडकला म्हणजे रुतला नाही की पंक्चर झाला नाही. इंजिन ठणठणीत होतं, ड्रायव्हर त्याहून ठणठणीत. टाकीत सोळा टन ॲसिड होतं, एकशेवीस किलोमीटरचा रस्ता मागं पडला होता, आणि आता आत जाऊन रुळांवर उभ्या असलेल्या मालगाडीच्या टाक्यांत ते पंपानं चढवायचं एवढंच उरलं होतं. यार्डसाहेबानं नेहमीप्रमाणे गाडीभोवती एक फेरी मारली. बाजूची पाटी बघितली, कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, वर पांढरा, खाली काळा, आणि हातावर थेंब पडतोय असं चित्र. मग तो मागं गेला, वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"हे काय?"

मागच्या व्हॉल्व्हच्या जोडावर एक थेंब लोंबत होता. दोघांच्या देखत तो सुटला, सिमेंटवर पडला आणि फसफसला. नाकाला झोंबणारा पांढरा धूर वर आला.

"गॅस्केट गेलं वाटतं," ड्रायव्हर म्हणाला.

"गळतंय."

"थेंब थेंब आहे, साहेब."

"थेंब थेंब गळण्यालाच गळणं म्हणतात. गळकी गाडी यार्डात घेता येत नाही. रेल्वेचा नियम आहे."

"मग परत नेतो कारखान्यात."

"न्या."

ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर चढला आणि तिथंच थबकला. धोकादायक मालाच्या वाहतुकीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण त्यानं घेतलं होतं. परीक्षेत पहिला आला होता. तिथं मिळालेली पिवळी पुस्तिका त्याला इतकी पाठ होती की गावात त्याला सगळे कलमबहाद्दर म्हणत. तो खाली उतरला.

"परतही नेता येत नाही," तो म्हणाला.

"का?"

"गळकी गाडी रस्त्यावरून चालवायची नाही. रस्त्याचा नियम आहे."

 यार्डसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं टोपी काढून टक्कल पुसलं आणि पुन्हा घातली.

"मग आहात तिथंच राहा."

"इथं?"

"इथं नको. फाटकासमोर असला माल उभा करायचा नाही, तोही नियम आहे."

शेवटी फाटकापासून शंभर पावलांवर, रस्त्याच्या कडेच्या उघड्या मैदानात गाडी नेऊन लावायची असं ठरलं. तिथवर जायचं तेही बादली धरून. ड्रायव्हरचा जोडीदार व्हॉल्व्हखाली प्लॅस्टिकची बादली धरून उलटा उलटा चालला, आणि टँकर रिव्हर्समध्ये, मुंगीच्या पावलानं, त्याच्याकडे सरकत गेला.

ड्रायव्हरनं लगेच पुस्तकाप्रमाणे सगळं केलं. चाकांना लाकडी ठोकळे लावले. व्हॉल्व्हखाली निळा टब ठेवला आणि धूर दबावा म्हणून त्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओतलं. गाडीपासून पन्नास पावलं मोजून चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या आणि लालपांढरी फीत बांधली. मग कारखान्याच्या ऑफिसला फोन लावला. ऑफिसनं सांगितलं, मेकॅनिक आणि रिकामा टँकर पाठवतो. कधी? उद्या.

मैदान संपलं की शेतं सुरू होत होती. पहिली तीन शेतं दुसऱ्यांची. चौथं त्याचं स्वतःचं होतं.

यार्ड गावाजवळ म्हणूनच त्यानं ही नोकरी धरली होती. दर तिसऱ्या दिवशी खेप टाकली की घरी एक जेवण आणि एक झोप मिळायची. आता गाडीच्या टपावर चढलं की चारशे पावलांवर स्वतःची विहीर दिसत होती. विहिरीपलीकडे घराचं पत्र्याचं छप्पर, छपरापुढं बांधलेली म्हैस. बायको अंगणात काही वाळत घालत होती तेही दिसत होतं. हात लांबवला तर मिळेल असं घर, आणि जायचं मात्र नाही. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, भरलेलं वाहन चालकानं नजरेआड करू नये.

आणि बुधवारी मोजणी होती.

या मोजणीसाठी त्यानं दोन वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले होते. त्याचं आणि चुलतभावाचं शेत लागून. मधला बांध चुलतभाऊ दर नांगरणीला वीतभर कोरत होता. बोलायला जावं तर "अरे, बैल जरा सरकला" म्हणून हसायचा. बैल दरवर्षी एकाच बाजूला सरकत होते. सरकत सरकत तो विहिरीच्या काठापासून तीन हातांवर आला होता, आणि गेल्या वर्षी त्यानं गावात बोलायला सुरुवात केली की विहीर मुळात आमच्याच हिश्शातली. या उन्हाळ्यात गावच्या चार विहिरींनी तळ दाखवला होता. पाणी होतं ते याच विहिरीत, तेही कमरेइतकं. त्यावर बायकोचा भाजीचा तुकडा जगत होता, म्हैस जगत होती, घर चालत होतं. विहीर गेली तर शेत नावापुरतं उरणार होतं.

मोजणीदाराचं पत्र आलं होतं. खातेदार हजर नसल्यास शेजारी दाखवील ती हद्द कायम करण्यात येईल, असं त्यात छापलेलं होतं.

"बुधवारपर्यंत सुटेल ना हो गाडी?" दुपारी बायकोनं फितीपलीकडून विचारलं. ती जेवणाचा डबा घेऊन आली होती. डबा तिनं फितीखालून आत सरकवला आणि दोन पावलं मागं झाली, कारण नवऱ्यानं तसंच बजावलं होतं.

"उद्या मेकॅनिक येतोय. बुधवार लांब आहे."

"तुमचा उद्या मला माहीत आहे," ती म्हणाली.

मंगळवार उजाडला तोच जोडीदाराच्या पोटात कळा घेऊन. आदल्या दिवशी तो उन्हात यार्डाच्या नळाचं पाणी घटाघटा प्यायला होता. नऊ वाजेपर्यंत त्याला चार वेळा झुडपामागं जावं लागलं आणि पाचव्या वेळी उठता येईना. यार्डसाहेबानं माणूस देऊन त्याला मोटरसायकलवर दवाखान्यात धाडलं. ड्रायव्हर एकटा उरला.

त्यानं ऑफिसला फोन केला. "दुसरा माणूस पाठवा."

"प्रशिक्षणाचा दाखला असलेलाच लागेल ना?" ऑफिस म्हणालं.

"हो, तसाच लागतो."

"तसा आत्ता मोकळा कुणी नाही. बघतो. तुम्ही गाडी सोडू नका हं."

"आणि मेकॅनिक?"

"निघतोय. गॅस्केट त्या मापाचं नव्हतं, मागवलंय. उद्या."

ऊन असं होतं की टाकीचा पत्रा हाताला चटका देत होता. दर दोन तासांनी टब बदलायचा. रबरी बूट, रबरी हातमोजे, गुडघ्याखालपर्यंतचा रबरी एप्रन, डोळ्यांवर चष्मा. हे सगळं चढवून वाकलं की घाम चष्म्यात साचायचा आणि समोरचा व्हॉल्व्ह पाण्यात बुडाल्यासारखा दिसायचा. भरलेला टब अलगद ओढून खणून ठेवलेल्या खड्ड्यापाशी न्यायचा, ॲसिड मरावं म्हणून त्यात चुन्याची पूड थोडी थोडी सोडायची. टब गरम व्हायचा, वाफ यायची. ती विरली की खड्ड्यात ओतायचं, वर माती. मग बूट उपडे केले की त्यातून पाणी गळायचं, ते त्याच्याच घामाचं. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

ज्याच्या शेताला मैदान लागून होतं तो शेतकरी येऊन भांडून गेला. "माझ्या बांधाला हे विष आणून लावलंस. हलव."

"हलवता येत नाही, काका. गळकी गाडी..."

"मग गळकी गाडी आणलीसच कशाला?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं. तो टब बघायला वळला. शाळेतली पोरं फितीबाहेर उभी राहून "कलमबहाद्दर, कलम सांग" म्हणून ओरडून गेली. लघवीला जायचं तर झुडपामागून गाडी दिसायची नाही, आडोसा फक्त टँकरचाच, आणि पलीकडून रस्ता. बायकांचा घोळका शेतावरून परतायचा, तेव्हा तो चाकाला टेकून, कळ दाबून उभा राहायचा.

दुपार कलल्यावर चुलतभाऊ आला. इस्त्रीचा सदरा, हातात मोबाईल. फितीशी येऊन तो असा थांबला की जणू काचेच्या कपाटातली वस्तू बघतोय.

"काय रे, बरा आहेस ना?"

"बरा आहे, दादा."

"उद्या मोजणी आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

"येशील ना?" त्यानं टँकरवर लिहिलेली सूचना आणि खालचा नंबर मोठ्यानं वाचला. वाहन बेवारस आढळल्यास या क्रमांकावर कळवावे. "हा नंबर लागतो का रे? मी आपलं सहज विचारतो. गाव जवळ आहे, पोरंबाळं आहेत. कुणी काळजीनं फोन केला तर तुझ्या नोकरीला उगाच त्रास नको."

ड्रायव्हरच्या डोक्यात तिडीक गेली. हातातला चुन्याचा डबा त्याच्या अंगावर फेकावा असं वाटलं. पण मधे पन्नास पावलं होती, आणि ती त्यानंच मोजून घातली होती.

"लागतो," तो म्हणाला. "चोवीस तास लागतो."

बुधवारी दहा वाजता शेतात यंत्राची तिपाई उभी राहिली. टपावरून त्याला सगळं दिसत होतं. मोजणीदाराची पांढरी टोपी, टेप धरणारी दोन माणसं, लाल निशाणाच्या काठ्या, चुलतभाऊ आणि त्याचे दोन साले. आणि विहिरीशी एकटी उभी असलेली बायको. तिचे हातवारे होत होते. मोजणीदार मान हलवत होता, नाही, नाही.

ऑफिसला फोन झाला होता. मेकॅनिक वाटेत होता. दोन दिवस तो वाटेतच होता.

अकराला बायको धावत आली. धापा टाकत म्हणाली, "माझं कुणी ऐकत नाही. म्हणतात, तुमचं नाव उताऱ्यावर नाही, खातेदाराला बोलवा. अर्धा तास थांबतो म्हणाले. अहो, भाऊजींनी दगड पुरलाय. जुना म्हणून दाखवतायत. भोवतीची माती ओली आहे त्याच्या."

"मी कसा येऊ?"

"चालत या! चार पावलांवर तर आहे."

"गाडी सोडून?"

"गाडी काय पळून जाणार आहे?" तिचा आवाज फाटला. "तीन दिवस बघताय तिच्याकडे. कुठं गेली का ती? विहीर चाललीय आपली!"

 त्यानं खिशातली पिवळी पुस्तिका काढली, घामानं तिची पानं चिकटली होती. ते वाक्य त्याला पाठच होतं, तरी त्यानं बोट ठेवून वाचलं. भरलेले वाहन चालकाने नजरेआड करू नये. पुन्हा वाचलं. वाहनापासून दूर जाऊ नये, असं नव्हतं लिहिलेलं. वाहनात बसून राहावे, असंही नव्हतं. नजरेआड करू नये.

"शेतातून गाडी दिसते का?" त्यानं विचारलं.

"दिसायला काय झालं? एवढं धूड आहे."

त्यानं टब बदलला, नव्या टबात पाणी ओतलं, चष्मा कपाळावर सरकवला. फीत ओलांडली. आणि टँकरकडे तोंड करून मागं मागं चालायला लागला.

"हे काय करताय?"

"नजरेआड करायची नाही."

 हसावं की रडावं असा बायकोचा चेहरा झाला. मग तिनं त्याच्या पाठीवर पंजा टेकवला आणि त्याला वळवत, थांबवत नेऊ लागली. "डावीकडे. अजून जरा. आता ढेकळं आहेत, पाय उचला. थांबा, पाट आहे. हां." लग्नाला अठरा वर्षं झाली होती. गावादेखत तिनं त्याच्या पाठीला हात लावायची ही पहिलीच वेळ. रबरी बूट ढेकळांत अडखळत होते. रस्त्यावरची माणसं थांबली. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी म्हणालं, "अरे, कलमबहाद्दर रिव्हर्स गिअरमध्ये आला!" तो घामानं निथळत, मान ताठ ठेवून, त्या पांढऱ्या टाकीवर नजर खिळवून चालत राहिला. टाकी लहान होत गेली. मग पाठीवरचा हात म्हणाला, "थांबा. आलं."

विहिरीतल्या पाण्याचा गारवा त्याच्या पोटऱ्यांना जाणवला.

"खातेदार?" मागून मोजणीदाराचा आवाज आला.

"मीच, साहेब."

"तोंड इकडे करा की."

"करता येत नाही, साहेब. नियम आहे."

चुलतभावाचे साले फिदीफिदी हसले. मोजणीदार मात्र हसला नाही. नियम हा शब्द त्याला कळत होता. "बरं. तुमचे हे बंधू हा दगड हद्दीचा म्हणून दाखवतात. तुमचं काय म्हणणं?"

"कुठला दगड?"

"हा. माझ्या पायाशी."

"तुमचा पाय कुठं आहे?"

यावर सगळेच हसले. बायको मात्र त्याच्या कानाशी येऊन दबक्या आवाजात बोलत होती, "विहिरीच्या अलीकडे पुरलाय. अलीकडे, कळतंय का? विहीर त्यांच्याकडे गेली या दगडानं. तुम्ही एकदा बघा आणि सांगा, वडिलांनी दाखवलेला कुठं होता ते. माझं ऐकत नाहीत. फक्त एकदा वळा."

समोर टँकर शांत उभा होता. त्याच्यावर उन्हाची लाट हलत होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. एकदा वळायला किती वेळ लागतो? जुना दगड कुठं असायचा ते त्याला डोळे मिटूनही ठाऊक होतं, फक्त समोर रान दिसलं पाहिजे होतं. तीन सेकंद. तीन सेकंदांत काय होतं?

त्यानं डावा पाय वळवला. खांदा वळवला. नजर तेवढी वळायची होती, आणि त्या नजरेच्या कोपऱ्यात, मैदानाच्या कडेला, काहीतरी हललं.

आई होती.

सून शेतात अडकली, जेवणाची वेळ टळली, म्हणून म्हातारी डबा घेऊन निघाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, माणूस पुढ्यात आल्याशिवाय ओळखू यायचं नाही. ती फितीशी आली. कपडे वाळत घालायची दोरी समजून तिनं ती हातानं वर केली आणि खालून आत गेली.

"आई!" तो ओरडला. "आई, थांब!"

वारा तिकडून इकडे होता. तिनं काहीतरी ऐकलं खरं, पण टँकरच्या मागून हाक आली असं वाटून ती टँकरच्या मागं वळली. व्हॉल्व्हकडे. निळ्या टबाकडे.

मग त्यानं दगड, विहीर, मोजणी सगळं टाकलं आणि धाव घेतली. रबरी बुटांनी धावणं म्हणजे काय ते धावणाऱ्यालाच कळावं. दोनदा पडला. पाटात गुडघा फुटला. प्रत्येक वेळी मान वर करून तो ओरडत होता, "आई, हात लावू नकोस! पाणी नाही ते!" त्याला दिसत होतं, तिनं डबा चाकाशी ठेवला. हात झटकले. धुळीनं भरलेले असावेत. मग ती टबावर वाकली.

तो पोचला तेव्हा तिची बोटं बुडून बाहेर आली होती आणि ती त्यांच्याकडे नवलानं बघत होती.

"अरे, चावलं की काय हे पाणी," ती म्हणाली.

त्यानं तिला जवळजवळ उचललंच. केबिनशी नेलं, पाण्याच्या मोठ्या कॅनची तोटी उघडली आणि तिचा हात धारेखाली धरला. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली, असं पुस्तकात होतं. त्यानं घड्याळ बघितलं. अकरा छप्पन्न.

"सोड, झालं आता," आई म्हणाली. "एवढं पाणी कशाला सांडतोस? उन्हाळा आहे."

"गप उभी राहा."

"माझ्यावर ओरडू नकोस. डबा घेऊन आले तुझ्यासाठी."

"हो गं. गप राहा फक्त."  बोटांची टोकं लालभडक झाली होती, पण कातडी जागेवर होती. पातळ ॲसिड होतं. आत पाणी ओतलेलं होतं म्हणून निभावलं. तिच्या मनगटातली नाडी त्याच्या अंगठ्याखाली उडत होती, पाखरासारखी बारीक. डोळ्यांसमोर हा हात, आणि पलीकडे शेतात टेप ताणली जात होती. आता कुठं त्याचं तोंड शेताकडे होतं. बायको दोन्ही हात पसरून कुणालातरी अडवत होती. एका माणसानं पहार उचलली. बारा वाजून दोन मिनिटं. आईचा हात सोडून ओरडायला जावं तर नऊ मिनिटं अजून बाकी होती.

पाणी संपलं तेव्हा बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती. शेतात यंत्राची तिपाई मिटली होती.

मोजणीदार स्वतः फितीपर्यंत आला, पण आत यायला तयार नव्हता. त्यानं कागद अडकवलेली पाटी बायकोच्या हातात दिली आणि तिनं ती नवऱ्यापुढं आणली. तिचे ओठ पांढरे पडले होते. आधी तिनं सासूची बोटं उलटीपालटी करून पाहिली, मगच पाटी पुढं केली.

"सही करा," मोजणीदार लांबून म्हणाला. "खातेदार समक्ष हजर होते, हद्द समक्ष दाखवली, एवढंच आहे."

"मला काही दिसलं नाही, साहेब."

"हजर होता ना तुम्ही?"

"होतो."

"जागेवर होता?"

"होतो. पण पाठ होती माझी."

"पाठीला रकाना नाही," मोजणीदार म्हणाला. तो खरंच सांगत होता, चेष्टा करत नव्हता. "हजर आणि गैरहजर, दोनच आहेत. आला नसता तर तीस दिवसांत हरकत घेता आली असती. आलात, म्हणजे हजर. हजर माणसाला, सही करत नसेल तर, आज पाचच्या आत कचेरीत जातीनं येऊन कारण द्यावं लागतं."

"आज मला गाडी सोडता येत नाही."

"मग सही करा."

"मी होते की तिथं," बायको बोलली. "मी डोळ्यांनी बघितलं सगळं. माझी घ्या सही."

"तुमचं नाव नाही उताऱ्यावर, बाई."

"म्हणजे ज्यानं बघितलं नाही त्याची सही चालते, आणि जिनं बघितलं तिची चालत नाही?"

मोजणीदारानं घड्याळात बघितलं. चुलतभाऊ त्याच्यामागं उभा होता आणि मान डोलावत होता, कुणाच्या बोलण्यावर ते कळत नव्हतं.

ड्रायव्हरनं हातमोजा काढला. सुरकुतलेल्या बोटांत पेन नीट धरवेना. कागद त्यानं टँकरच्या मडगार्डवर ठेवला, पोचपावत्या ठेवायचा तसा, आणि सही केली. वीस वर्षांत त्यानं हजारो पावत्यांवर सही केली होती. सीलबंद टाकीत काय आहे, किती आहे, ते ड्रायव्हरनं उघडून बघायचं नसतं. म्हणून सही झाली की हात न उचलता पुढं दोन शब्द लिहायचे, म्हणजे पुढं कमीजास्त निघालं तर आपल्यावर येत नाही. तो जोडीदारांना हेच शिकवत आला होता. त्याच्या लक्षातही आलं नाही. सवयीचा हात, तो सहीवरून तसाच पुढं सरकला आणि त्यानं लिहिलं, न पाहता.

बायकोनं कागद फितीपलीकडे दिला. मोजणीदारानं घडी घालता घालता नजर टाकली आणि घडी पुन्हा उलगडली.

"हे काय लिहिलंत?"

"काय लिहिलं?"

"समक्ष, न पाहता. असं कुठं असतं का? खोडा हे."

ड्रायव्हरनं आपल्या हाताकडे बघितलं. पावत्यांची सवय आठवली. मग हळूहळू त्याला कळलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे जरा सैल झाले.

"खोडू का?" त्यानं विचारलं. "खाडाखोड चालते मोजणीच्या कागदावर?"

 चालत नव्हती. मोजणीदार त्या कागदाकडे असा बघत राहिला की जणू त्याला कागद पुढंही नेता येत नव्हता आणि मागंही. शेवटी त्यानं तो चुरगळला नाही, फाडला नाही, व्यवस्थित पिशवीत घातला. "फेरमोजणीचा अर्ज करा," तो म्हणाला. "तारीख पडेल."

"कधी?"

"पडेल तेव्हा."

तो गेला. चुलतभाऊ मात्र गेला नाही. त्यानं मोबाईलवर वेळ बघितली आणि शांतपणे म्हणाला, "कागद बिघडला तर बिघडला. दगड बसलाय. तारेचं बंडल आणून ठेवलंय. संध्याकाळपर्यंत खांब रोवून होतील. कुणाला अडवायचं असेल त्यानं यावं शेतात." आणि फितीच्या कडेकडेनं, कपड्यांना चुना लागू न देता, चालू लागला.

ड्रायव्हरनं फितीकडे पाऊल टाकलं. मागं टबात टप् असा आवाज झाला. तो थांबला.

"मेकॅनिकचं काय?" बायकोनं विचारलं.

"वाटेत आहे."

तिनं मान डोलावली. सासूला टँकरपासून दूर, रस्त्याकडेच्या झाडाखाली बसवलं, ओल्या फडक्यानं तिची बोटं बांधली. डबा उचलून नवऱ्याच्या हातात दिला. "जेवून घ्या," म्हणाली.

"तू कुठं चाललीस?"

"तिथं."

"एकटी काय करणार आहेस?"

"बसणार आहे," ती म्हणाली. "त्या दगडावर. मला काही कुठली गाडी सांभाळायची नाही."

ती गेली. तो टपावर चढला. शेतातून तार ओढत आणणारी माणसं तिच्यापाशी येऊन थांबलेली दिसली. कुणीतरी हात नाचवून बोलत होतं. ती दगडावर बसली होती, डोक्यावर रुमाल, गुडघ्यांना मिठी, तोंड इकडेच. तिच्याकडे बघावं तर व्हॉल्व्ह दिसत नव्हता. व्हॉल्व्हकडे बघावं तर ती दिसत नव्हती. तो उन्हात उभा राहून एकदा खाली, एकदा तिकडे, अशी मान फिरवत राहिला. डबा तसाच राहिला.

दोन वाजता टब भरत आला. खाली उतरावंच लागलं. बूट, हातमोजे, एप्रन, चष्मा. टब ओढत खड्ड्याशी नेला, चुना सोडला, वाफ विरेपर्यंत ढवळत राहिला, ओतला, माती लोटली, नवा टब लावला. वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ शेत त्याच्या नजरेआड होतं.

मग चष्मा न काढताच तो घाईघाईनं टपावर चढला आणि ती आहे का ते बघितलं.

होती.